छत ओळखायला शिका: सांगली-साताऱ्याकडून कोळशाच्या खाणीत जाणाऱ्या नव्या मुला-मुलींसाठी

गेल्या उन्हाळ्यात विट्याच्या एसटी स्टँडवर गावचा एक पोरगा भेटला. खाणकामाचा डिप्लोमा झालेला, नागपूरकडच्या एका भूमिगत खाणीत रुजू व्हायला निघालेला. मला म्हणाला, "काका, बोर्ड अँड पिलर, लाँगवॉल सगळं पाठ आहे. पण आत गेल्यावर बघायचं काय?" गाडी लागली होती, नीट बोलता आलं नाही. तेव्हापासून ते मनात राहून गेलं.

आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात भारतभर पसरली आहेत. सोनं-चांदी गाळायला कुणी निघालं, तर त्याला सांगायला घरात चार माणसं असतात. कोळशात जाणारा विरळा, त्यामुळे विचारायला कुणी नसतं. मी चंद्रपूर भागात तीस वर्षं जमिनीखाली काढली, शेवटची बरीच वर्षं ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारा, म्हणून. जे मला पहिल्या महिन्यात कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. पुस्तकात खाणकामाच्या पद्धतींची नावं भरपूर आहेत, पण त्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: खालचा कोळसा काढून घेतल्यावर वरच्या छताचं काय करायचं? ते धरून ठेवायचं, मुद्दाम पाडायचं, की त्याच्याखाली भराव घालायचा? कुठल्याही पद्धतीकडे या प्रश्नातून बघा, म्हणजे पाठ केलेलं सगळं जागेवर बसेल.

विहिरीपासून सुरुवात करू

आपल्याकडच्या प्रत्येकाने विहीर खणताना पाहिलेली असते. माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. बांधकाम वरच्या मुरमापुरतं. खालचा कातळ उघडाच राहतो आणि पिढ्यान् पिढ्या उभा असतो. हा लाव्हाचा दगड, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. कोयनेचे बोगदे याच जातीच्या दगडातून गेलेत.

कोळसा याहून कितीतरी जुना, पंचवीस कोटी वर्षांच्याही मागचा. दलदलीतल्या झाडापाल्यावर गाळ साचत गेला आणि त्याखाली दबून तो तयार झाला. म्हणून त्याच्या वर-खाली वालुकाश्म आणि शेलचे थर सापडतात, वहीच्या पानांसारखे एकावर एक. पान पानापासून सुटतं तसा हा दगडही थराथराने सुटतो. आपल्या विहिरीचा कातळ बघून तयार झालेला डोळा इथे फसतो. वर दिसायला सपाट, गुळगुळीत छत असतं, आणि त्याच्या हातभर वर एक थर सुटा झालेला असू शकतो.

कोळशाचा थर सहसा थोडा कललेला असतो, घरावरच्या पत्र्यासारखा. उताराच्या दिशेला डिप म्हणतात, चढाच्या दिशेला राइज, आणि उताराला आडव्या जाणाऱ्या रस्त्याला लेव्हल. आत पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सोबतच्या माणसाला विचारा, "डिप कुठल्या अंगाला?" पाणी डिपकडे साचतं. मिथेन हवेपेक्षा हलका, तो राइजकडच्या बंद टोकांना आणि छताच्या खळग्यांत साठतो. दिशा कळली की धोका कुठे बसलेला असतो, याचा निम्मा अंदाज येतो.

उतरण्याआधी

नव्या माणसाला थेट खाली पाठवत नाहीत. आधी व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रात जावं लागतं, सगळे त्याला व्हीटीसी म्हणतात. तिथले दिवस रजेसारखे घालवू नका. सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे विषारी हवेत श्वास घेण्याचं छोटं साधन, डोळे मिटून उघडता आला पाहिजे आणि तोंडात धरता आला पाहिजे. आग किंवा स्फोट झाला तर कार्बन मोनॉक्साइडपासून तेवढाच वाचवतो, आणि त्या वेळी समोर अंधार आणि धूर असतो. तो कमरेलाच हवा. बसताना टोचतो म्हणून काढून बाजूला ठेवणारे मी बरेच पाहिले. तुम्ही ठेवू नका.

हजेरी लावायची, लॅम्परूममधून टोपीचा दिवा घ्यायचा, झडती द्यायची. विडी, काडेपेटी, लायटर, मोबाइल यातलं काहीही आत जात नाही. इनक्लाइनने, म्हणजे उताराच्या वाटेने, पायी उतरत असाल तर डबे ओढणारा हॉलेजचा दोर चालू असताना त्या रस्त्याने चालू नका. नाइलाजाने सापडलात तर भिंतीत खोदलेल्या मॅनहोलमध्ये शिरा. जुनी माणसं उभ्या विहिरीसारख्या वाटेला चानक म्हणतात आणि छताला चाल. "चाल बघ" असं कुणी ओरडलं तर वर बघत उभं राहू नका, आधी मागे सरका. कुठल्या आधाराखाली मागे सरकायचं ते आधीच बघून ठेवायचं.

पहिला टप्पा: रस्ते काढणं

आपल्या देशात जमिनीखालचा बहुतेक कोळसा बोर्ड अँड पिलर पद्धतीने निघतो. कोळशाच्या थरात उभे-आडवे रस्ते खणत जायचं. या रस्त्यांना गॅलरी म्हणतात. मधे कोळशाचेच चौकोनी खांब उरतात, ते पिलर. वरून नकाशा पाहिला तर नव्या वसाहतीच्या प्लॉटसारखा दिसतो. या टप्प्याला डेव्हलपमेंट म्हणतात, आणि छताच्या प्रश्नाला इथलं उत्तर आहे: धरून ठेवायचं.

गॅलरी किती रुंद आणि पिलर किती मोठा, हे कुणाच्या मर्जीवर नसतं. कोळसा खाणींच्या विनियमांत त्याचा तक्ता आहे. गॅलरी ४.८ मीटरपेक्षा रुंद आणि ३ मीटरपेक्षा उंच सहसा करता येत नाही. ४.२ मीटर रुंदीची गॅलरी असेल, तर ६० मीटर खोलीपर्यंत पिलरचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत किमान १८ मीटर लागतं. १५० ते २४० मीटर खोलीला तेच ३० मीटर होतं.

हे का, ते एकदा स्वतः गणित करून बघा. २०० मीटर खोलीवर आहोत असं धरू. घनमीटरला साधारण अडीच टन दगड, म्हणजे दर चौरस मीटरवर ५०० टन ओझं. पिलर ३० मीटरचा आणि गॅलरी ४.२ मीटरची, तर कोळशाचा उरलेला चौकोन २५.८ बाय २५.८. ३० गुणिले ३० म्हणजे ९०० चौरस मीटरपैकी ६६५ शिल्लक. काढला फक्त २६ टक्के. गॅलरीवरचं ओझं आता पिलरने उचलायचं, म्हणून त्याच्या दर चौरस मीटरवर ५०० ऐवजी सुमारे ६७५ टन आले. ६० मीटर खोलीला, १८ मीटरच्या पिलरमध्ये, हाच हिशेब केला तर ४१ टक्के कोळसा निघतो. जसजसं खाली जाल तसतसा जास्त कोळसा मागे ठेवावा लागतो, तो एवढ्यासाठी. पिलरच्या कोपऱ्यातून "थोडा" कोळसा ओरबाडणारा माणूस कशातून कोळसा ओरबाडतो आहे, तेही या आकड्यांतून कळतं.

कामाचं चक्र असं चालतं. फेसवर, म्हणजे रस्त्याच्या पुढच्या टोकाला, ड्रिलने भोकं पाडायची. शॉटफायरर गॅस तपासतो, स्फोटक भरतो, मातीने तोंड बंद करतो, सगळ्यांना लांब पाठवतो आणि उडवतो. विहिरीवर ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरने भोकं पाडून सुरुंग उडवताना पाहिलेल्यांनी इथे ती सवय विसरावी. कोळशात फक्त खाणीसाठी मंजूर झालेली स्फोटकं चालतात, कारण त्यांची ज्वाला मिथेन किंवा कोळशाची धूळ पेटवणार नाही अशी बनवलेली असते. उडवल्यावर धूर निघून जाईपर्यंत थांबायचं. मग ड्रेसर लांब सबलीने छताचे सुटे तुकडे पाडतो. मग आधार द्यायचा. लोडिंग सगळ्यात शेवटी. आता बहुतेक ठिकाणी एसडीएल नावाचं बादलीचं यंत्र कोळसा उचलून चेन कन्व्हेयरवर टाकतं आणि पुढे तो पट्ट्यावरून वर जातो.

या क्रमातला "आधी आधार, मग लोडिंग" हा भाग कधीही उलटा होऊ देऊ नका. नुकतंच उघडं पडलेलं, आधार न दिलेलं छत हे त्या खाणीतलं सगळ्यात धोक्याचं ठिकाण. तिथे टोपी पडली तरी आणायला जायचं नाही.

आधार म्हणजे हल्ली मुख्यतः रूफ बोल्ट. छतात दीड ते पावणेदोन मीटरचं भोक पाडून त्यात सिमेंट किंवा रेझिनच्या कॅप्सूलसह लोखंडी सळई बसवतात. तो छताला खालून टेकू देत नाही, सुट्या थरांना एकमेकांशी शिवून टाकतो. वाकळ कशी शिवतात ते आठवा: पातळ चिंध्यांचे थर, पण टाके घातले की एकजीव. टाके विरळ झाले की वाकळ फुगते. दोन बोल्टमधलं अंतर खाणीच्या आधार नियमांत ठरलेलं असतं. आपल्या जागेचं ते अंतर पहिल्याच दिवशी माहीत करून घ्या आणि पावलांनी मोजायची सवय लावा.

छत ठोकून ऐकायचं

हे पुस्तकातून येत नाही, म्हणून इथे थांबतो.

कुंभाराकडून माठ घेताना आई बोटाच्या पेराने वाजवून बघते. टणटणीत वाजला तर घेते, बद्द वाजला तर खाली ठेवते. छताचं अगदी तसंच. काठी किंवा सबलीने ठोकायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकवायची. घट्ट छत खणखणीत वाजतं. सुटलेला थर बद्द वाजतो आणि बोटांना बारीक थरथर जाणवते. स्वतः मात्र आधार दिलेल्या छताखाली उभं राहून, पुढे हात लांबवून ठोकायचं.

पहिले सहा महिने रोज, प्रत्येक पाळीत, दोन-चार जागी ठोकून बघा. छताला आधार देणाऱ्या अनुभवी टिंबरमनजवळ उभे राहा आणि त्याला काय ऐकू येतं ते विचारा. छतातून माती गळणं, नवी चीर, बोल्टची प्लेट वाकलेली, लाकडी खुंट्याची कडकड, पिलरच्या बाजूने कोळशाच्या खपल्या सुटणं, कालपर्यंत कोरड्या जागी आज ठिबकणारं पाणी: ही सगळी एकाच गोष्टीची लक्षणं. लाकडी खुंटे आता कमी झाले, पण मला त्यांचं महत्त्व अजून वाटतं. लोखंड फारसं बोलत नाही. लाकूड मोडण्याआधी आवाज करतं आणि माणसाला वेळ देतं.

दुसरा टप्पा: पिलर काढणं

डेव्हलपमेंट संपली की अर्ध्याहून बराच जास्त कोळसा पिलरमध्येच उरलेला असतो. तो काढण्याच्या कामाला डिपिलरिंग म्हणतात. छताच्या प्रश्नाचं उत्तर इथे उलटं होतं. आता छत पाडायचं आहे, पण आपल्या मागे, आपण सांगू तिथे आणि वेळेवर.

पिलरमधून आधी एक रस्ता काढून त्याचे भाग करतात, मग एकेक पट्टी, म्हणजे स्लाइस, घेत जातात. कोळसा काढून मोकळी झालेली, छत पडलेली किंवा पडायची असलेली जागा म्हणजे गोफ. चालू स्लाइस आणि गोफ यांच्यामध्ये कोळशाची एक पातळ भिंत ठेवतात, तिला रिब म्हणतात. गोफच्या कडेला स्लीपर आडवे-उभे रचून कॉग उभे करतात आणि बोल्ट किंवा खुंट्यांची दाट ओळ देतात, म्हणजे छत त्या रेषेवर तुटावं आणि आपल्या अंगावर येऊ नये. बहुतेक ठिकाणी पिलर तिरक्या रेषेत काढत मागे सरकतात. एकाच पिलरवर सगळं ओझं येऊ नये आणि छत एका सरळ कडेवर मोडावं, हा त्यामागचा हेतू. गोफमध्ये कुणीही, कुठल्याही कारणाने पाऊल टाकायचं नाही.

छत लगेच पडलं तर चांगलं. न पडता लटकत राहिलं तर वाईट. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. लटकलेलं छत आपलं ओझं शेजारच्या पिलरवर टाकतं. क्षेत्र वाढत जातं आणि मग एकदम मोठा भाग खाली येतो. खालची हवा क्षणात दाबली जाऊन रस्त्यांतून सुटते. त्याला एअर ब्लास्ट म्हणतात.

मी एका पॅनेलमध्ये, म्हणजे खाणीच्या आखून वेगळ्या केलेल्या भागात, होतो तेव्हाची गोष्ट. मागच्या दोन-तीन पिलरचे बुंधे गोफमध्ये तसेच राहून गेले होते. टनाची घाई होती. त्या बुंध्यांनी छत तोलून धरलं आणि बरेच दिवस काहीच पडलं नाही. आम्हाला ते शांत वाटत होतं. एका दुसऱ्या पाळीत आमच्या तेलुगू टिंबरमन मामांनी काम थांबवलं. गोफकडचे खुंटे एकामागून एक बोलायला लागले होते आणि पिलरच्या कडा सुटत होत्या. त्यांनी कुणाला विचारलं नाही, फक्त हात वर करून सगळ्यांना मागे काढलं. आम्ही तीन पिलर मागे येऊन भिंतीला टेकून बसलो. वीसेक मिनिटांनी मोठं छत आलं. आवाजाआधी वारा आला. टोप्या उडाल्या, हवेसाठी लावलेले पडदे फाटले, कोळशाचा रिकामा डबा रुळावरून उतरला. कुणाला काही झालं नाही, कारण एका माणसाने ऐकलं होतं. त्या बुंध्यांचा हिशेब पुढे आमच्याच पाळीने लिहून दिला, आणि तेव्हापासून गोफमध्ये काय मागे राहिलं ते रोजच्या वहीत लिहिल्याशिवाय मी वर आलो नाही.

मागे राहिलेल्या कोळशाचा आणखी एक त्रास असतो. कोळसा हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू आपोआप तापतो. कडब्याची ओली गंज किंवा शेणखताचा ढीग आतून कसा गरम होतो ते आपण जाणतो. गोफमध्ये हवा झिरपत राहिली, तर काही महिन्यांत तिथे आग लागू शकते. म्हणून पॅनेलचा आकारच असा ठरवतात, की तापायला लागणाऱ्या मुदतीच्या आत सगळे पिलर काढून होतील, आणि मग तोंडं भिंतींनी बंद करतात. बंद पॅनेलच्या भिंतीजवळून जाताना घामट वास आला, किंवा भिंतीला दव दिसलं, तर ताबडतोब सांगा.

भराव आणि यंत्रं

वर गाव, रेल्वे किंवा नदी असेल, तर छत पाडता येत नाही. तिथे पाण्याबरोबर नळातून वाळू सोडून पोकळी भरतात. याला सँड स्टोइंग म्हणतात. काम सुरक्षित, पण वाळू मिळवणं दिवसेंदिवस अवघड आणि महाग.

लाँगवॉलमध्ये छताचा प्रश्न यंत्रांवर सोपवतात. दोन समांतर रस्ते काढायचे आणि त्यांच्यामधली १५०-२५० मीटर लांबीची कोळशाची भिंत शिअरर नावाचं यंत्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तासत जातं. माणसं हायड्रॉलिक आधारांच्या रांगेखाली असतात. एक पट्टी कापली की हे आधार स्वतः पुढे सरकतात आणि मागचं छत कोसळतं. पिलर मागे राहत नाहीत, म्हणून कोळसा भरपूर मिळतो. झारखंडच्या मुनीडीह खाणीत १९७८ साली यांत्रिक लाँगवॉल सुरू झालं. तेलंगणात सिंगरेणी कंपनीच्या अड्रियाला खाणीत २०१४पासून मोठं लाँगवॉल चालतं. पण याला सरळ, लांब, न तुटलेला थर लागतो. मध्येच खडक सरकून थर वर-खाली झाला असेल, तर कोट्यवधींचं यंत्र अडकून पडतं.

कंटिन्युअस मायनर मधला मार्ग काढतो: रस्ते आणि पिलर तेच, पण सुरुंग नाही, फिरत्या ढोलावरचे दात कोळसा कापतात. छत्तीसगडमधल्या चिरिमिरीच्या अंजन हिल खाणीत २००२ साली ते देशात पहिल्यांदा आलं. तुम्ही आज रुजू होत असाल तर याच यंत्रावर काम मिळण्याची शक्यता चांगली आहे. त्याच्या वेगाने भुलू नका. कोळसा झपाट्याने निघतो, आणि बोल्ट मागे पडले तर उघडं छतही तेवढ्याच झपाट्याने वाढतं.

हवा, वायू, पाणी

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, ऐकली असतील. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, कारण आत प्राणवायू कमी झालेला असतो. खाणीतल्या बंद टोकांचं तसंच आहे. कामाच्या जागी ऑक्सिजन १९ टक्क्यांच्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्याच्या वर जाता कामा नये. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असला की स्फोट होऊ शकतो. नियम मात्र १.२५ टक्क्यालाच वीज तोडून माणसं मागे घ्यायला लावतो. हे आकडे तोंडपाठ हवेत. काटक्यांचं कुंपण दिसलं तर त्यापलीकडे जायचं नाही.

पाण्याबद्दल मी सर्वांत कडक बोलतो. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या कामात साठलेलं पाणी फुटून आत आलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. नोव्हेंबर १९८९मध्ये बंगालमधल्या राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी घुसलं. तिथे वरून भोक पाडून लोखंडी कॅप्सूल खाली सोडली, अभियंता जसवंतसिंग गिल स्वतः तिच्यातून उतरले आणि ६५ जणांना एकेक करून वर पाठवलं. पाणी भरलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करता येत नाही, हा नियम अशा जिवांच्या मोलाने आला आहे. म्हणून खाणीचा नकाशा बघायला मागा. तुमच्या फेसपासून जुनं काम किती लांब आहे, ते पट्टी लावून स्वतः मोजा. नवा माणूस नकाशा मागतो याचं कुणाला वाईट वाटत नाही. मला तर अशी पोरं आवडायची.

निघताना

कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरज, सांगली, कराड, साताऱ्यावरून थेट नागपूरला नेते. मुलींनीही मागे राहू नये: २०१९पासून तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय कामांसाठी भूमिगत खाणी स्त्रियांना खुल्या झाल्या आहेत. गॅस टेस्टिंग आणि प्रथमोपचाराची प्रमाणपत्रं पहिल्या संधीलाच काढा; सरदार (ओव्हरमनच्या खालचा देखरेख करणारा) आणि ओव्हरमन होताना ती लागतात. आत तेलुगू, छत्तीसगढी, वऱ्हाडी, बिहारी अशी सगळी माणसं भेटतील. छतावरचे शब्द त्यांच्या भाषेत शिकून घ्या. इशारा कुठल्या भाषेत येईल, ते सांगता येत नाही.

पाळी संपल्यावर दिवा स्वतःच्या हाताने लॅम्परूममध्ये जमा करा. मित्राकडे देऊ नका, कितीही घाई असली तरी घरी नेऊ नका. रांगेतला एक खण रिकामा राहिला, की माणूस अजून खाली आहे असंच धरतात, आणि दमलेली माणसं त्याला शोधायला पुन्हा आत उतरतात.